दोन बोटं, तीन बोटं, एक बोट

कूलेई फुर्तादोबद्दल आमच्या बेटावरच्या गावात तीन गोष्टी सांगतात. त्यांतल्या पहिल्या दोन मीच पसरवलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या खरेपणाची हमी मी देत नाही. एक म्हणजे, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांनी व्यासपीठावर उकुलेले, म्हणजे आमची ती छोटी गिटार, छेडायला घेतलं, तेव्हा कूलेईने पुढे होऊन ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, मत देते, पण हे खाली ठेवा." दुसरी म्हणजे, आल्फी फुर्तादोशी तिने लग्न केलं कारण सबंध साखर कारखान्यात सुराचा अजिबात कान नसलेला तो एकटाच होता, आणि घरात दुसरा शहाणा तिला नको होता. तिसरी गोष्ट मात्र माझी नाही. ती घडली तेव्हा दोनशे माणसं समोर बसली होती. मला पसरवायला काही उरलंच नाही.

कारखाना बंद झाल्यावर धुराडं तेवढं उभं राहिलं, आणि कामगारांच्या जुन्या जिमखान्याची किल्ली माझ्याकडे आली. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की तीन वाजता मी दार उघडायचो. पाच मिनिटांत दाराशी चपलांचा ढीग लागायचा आणि आत चौदा पोरं अर्धगोल करून बसायची. सगळ्यात धाकटं सहा वर्षांचं, सगळ्यात मोठं दहाचं. कूलेई मधल्या स्टुलावर. आमच्याकडे थोरली बाई दिसली की ती मावशी आणि थोरला पुरुष दिसला की तो काका. नातं खरंच आहे का ते भांडण झाल्यावर तपासायचं. म्हणून ती साऱ्यांची कूलेईमावशी आणि मी टिबूकाका.

तिची शिकवण्याची तऱ्हा अशी की कागद नाही, फळा नाही. सगळं बोटांवर. उकुलेलेला तारा चारच. सगळ्यात खालच्या तारेवर, तिसऱ्या पडद्यात, अनामिका ठेवा: ही झाली 'सी'ची कॉर्ड, एक बोट. 'डी-सेव्हन' म्हणजे दोन बोटं. आणि 'जी-सेव्हन' म्हणजे तीन बोटांचा त्रिकोण. त्या त्रिकोणापाशी पोरं रडतात, आया रागावतात आणि दर वर्षी दोघंतिघं फुटबॉलकडे निघून जातात. जी राहतात ती आयुष्यभर राहतात. माझा त्रिकोण साठाव्या वर्षीही बसला नाही, म्हणून मी किल्ली सांभाळतो.

पूर्वी तिचा वर्ग ऐकायला मी मुद्दाम बाकावर बसायचो. काय तोंड होतं बाईचं! "कायपो, ते उकुलेले आहे, नारळ नव्हे खवायला." "जोवेलिन, बाळाला धरतात तसं धर, कोंबडीला धरतात तसं नको." "अरे, तुझ्या जी-सेव्हनला ताप आलाय का? घरी ने, झोपव तिला." पोरं खिदळायची आणि बोटं आपोआप जागेवर जायची.

मग आल्फी गेला. जानेवारीत, सकाळी नऊ वाजता, होडीच्या इंजिनावर वाकलेला असताना. तीनशे माणसं आली अंत्यविधीला. कूलेई भाताच्या आणि मांसाच्या थाळ्या वाटत उभी होती. प्रत्येकाला विचारत होती, अजून वाढू का. रडली नाही. आम्ही वाट बघितली, उगाच कशाला खोटं बोलू. हारुए फुजीमोतो, जी आमच्या गावच्या बायकांना हुला नाच शिकवते आणि बाकी सगळ्यांना अक्कल, माझ्या कानाशी लागून म्हणाली, "घरी जाऊन रडेल बघ."

घरीही रडली नाही. मी शेजारी राहतो, मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. तीन वाजता ती वर्गावर हजर. तेच स्टूल, तीच बोटं. फक्त टोमणे बंद. कायपोने चुकीचं बोट ठेवलं तर उठायची, त्याचं बोट उचलून बरोबर पडद्यात ठेवायची आणि परत येऊन बसायची. एकदा पोराने मुद्दाम तीन वेळा चुकवलं. तिने तीन वेळा उठून बोट नीट केलं. वर्ग सुटल्यावर तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "काका, मावशींना मी आवडेनासा झालो का? मला नारळ म्हणतच नाहीत."

आता त्या वर्षभरात गावाने काय केलं तेही सांगतो, कारण त्यात मीही आहे. कूलेईला काहीही विचारलं की ती "बरं" म्हणायची. चर्चने आल्फीचा ट्रक आठवड्यासाठी मागितला. "बरं." तो अजून चर्चच्याच आवारात आहे. हारुएने कूलेईच्या अंगणातल्या ऑर्किडच्या कुंड्या नेल्या, म्हणे माझ्याकडे सावली चांगली. "बरं." मी आल्फीचं फेकजाळं मागितलं. त्या जाळ्यावर माझा वीस वर्षं डोळा होता. तेव्हाही म्हणाली, "बरं, घे." मी घेतलं. पहिल्याच दिवशी मासे भरपूर मिळाले, त्यामुळे लाज वाटायची राहून गेली.

आणि मग तिची लेक शेरिलिन. ही लास व्हेगासला राहते. आमची निम्मी पोरं तिकडेच गेली आहेत. तिथे घर घेता येतं, इथे घेता येत नाही, असं साधं गणित. शेरिलिनने फोन केला: आई, एकटी राहू नकोस, इकडे ये. "बरं." घराला गिऱ्हाईक बघू का? "बरं." मे महिन्यातल्या फुलमाळांच्या दिवसाचा तुझा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी, रविवारी, निघायचं. मी न्यायला येते, दोन तिकिटं काढली आहेत. "बरं."

झालं. साऱ्या गावात बातमी: कूलेई निघाली. वर्ग बंद. हिलो शहरातला कुणी एक तरुण संगणकाच्या पडद्यावरून शिकवायला तयार आहे असंही कानावर आलं. आया हळहळल्या, पण कुणी काही बोललं नाही. लेक नेतेय, आई जातेय, आपण कोण?

हारुए म्हणाली, "खूश आहे ती. लगेच हो म्हणाली."

"हारुए, ती तुझ्या कुंड्यांनाही लगेच हो म्हणाली होती."

"मग? कुंड्या खूश आहेत माझ्याकडे."

एकदा, अगदी एकदाच, मी जिमखान्याला कुलूप लावताना तिला विचारलं, "कूलेई, तुला जायचंय ना?"

"सगळे म्हणतात."

"तू काय म्हणतेस?"

तिने कुलूप हलवून बघितलं. मग म्हणाली, "किल्ली अडकतेय तुझी, टिबू. तेल घाल."

मी तेल घातलं. पुढे विचारलं नाही. मनातून मला वाटलं, बाई आढेवेढे घेतेय. खरं तर तेव्हा तिला स्वतःलाच उत्तर ठाऊक नव्हतं, आणि सगळं गाव तिच्या वतीने उत्तर देऊन मोकळं झालं होतं. राहिले होते फक्त पंधरा दिवस.

त्या पंधरा दिवसांत तिने पोरांना कार्यक्रमाचं गाणं शिकवलं. गाणं आमच्याच गावचं, कारखान्यातल्या कुणीतरी रचलेलं: उसाच्या शेतांचं एक कडवं, कारखान्याच्या शिट्टीचं एक, खालच्या खडकाळ किनाऱ्याचं एक आणि शेवटचं निरोपाचं. पुढे बायका नाचणार, मागे पोरं वाजवणार. आता हुलाच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये एक वळण असतं. दोन बोटं, तीन बोटं, एक बोट. की परत दोन, तीन, एक. असं दोनदा झालं की म्होरक्या पुढच्या कडव्याचे पहिले दोन शब्द मोठ्याने हाळी देऊन सांगतो, मग सगळे त्या कडव्यात शिरतात. हाळी आली नाही तर पुढे जायचं नाही. नाचणारीचा श्वास जमला नसेल, माळ सुटली असेल, गुडघा अडला असेल. वाजवणाऱ्याने वळणावर थांबून राहायचं. हे कूलेईने पोरांच्या हाडात मुरवलं होतं. "माझी हाळी येईपर्यंत वळण सोडायचं नाही," ती दर वर्षी सांगायची, "जिमखान्याला आग लागली तरी. वाजवत वाजवत बाहेर पडायचं."

शनिवारी सकाळी दहाला कार्यक्रम सुरू झाला. जिमखाना फुलांच्या वासाने इतका भरला होता की मला शिंका आल्या. बाहेर मालासादा तळल्या जात होत्या; साखरेत घोळवलेल्या त्या गरमागरम गोळ्यांपायी निम्मे लोक आत यायला तयार नव्हते. शेरिलिन पहिल्या रांगेत. आदल्याच दिवशी उतरली होती. नखं अशी लांब, की आईने शिकवलेली 'सी' तिला आता जन्मात वाजवता आली नसती. मी म्हटलंही तसं. ती म्हणाली, "काका, तुमची जी-सेव्हन बसली का हो?" पोरगी आईवरच गेलेली.

उसाचं कडवं झालं. वळण. कूलेईने हाळी दिली, शिट्टीचं कडवं सुरू. सगळं ठीक. हारुए पुढच्या रांगेत मधोमध, मागे सात बायका, माझी वहिनी त्यांत सगळ्यात डावीकडे आणि नेहमीसारखी उजवीकडे जाणारी. शिट्टीचं कडवं संपलं. वळण. दोन, तीन, एक. दोन, तीन, एक.

हाळी आली नाही.

कूलेई स्टुलावर बसून वाजवत होती. हात बरोबर चालला होता. तोंड बंद.

पोरांनी तिसरं वळण घेतलं. चौथं. बायका जागच्या जागी दोन पावलं डावीकडे, दोन पावलं उजवीकडे. सहाव्या वळणाला हारुएने हसू तसंच ठेवून मान जराशी मागे वळवली. आठव्याला दातांतून म्हणाली, "कूलेई. किनारा." कूलेईने तिच्याकडे बघितलं, अगदी शांतपणे, आणि वाजवत राहिली.

दहाव्याच्या पुढे लोकांना वाटलं काहीतरी नवीन बसवलंय. टाळ्यांनी ठेका धरला. बाहेरचे मालासादावाले साखरेच्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. विसाव्याला टाळ्या आपोआप विरल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. चौदा पोरं, चौदा डावे हात, दोन-तीन-एक. एकही चुकलं नाही. मी त्यांना रिकाम्या जिमखान्यात दोनशे वेळा चुकताना ऐकलेलं आहे. त्या दिवशी एकही नाही. तेविसाव्याला माझी वहिनी खुर्चीत जाऊन बसली. तिचं वजन बघता हे व्हायचंच होतं.

तिसाच्या आसपास जोवेलिन, सात वर्षांची, पोरांच्या पहिल्या रांगेतून बोलली. वाजवता वाजवताच बोलली. नियम म्हणजे नियम.

"मावशी, माझं बोट दुखतंय."

"हं," कूलेई म्हणाली.

"पुढं जायचं का थांबायचं?"

ध्वनिक्षेपक स्टुलासमोरच होता. म्हणून दोनशे माणसांना स्वच्छ ऐकू आलं.

"मला माहीत नाही," कूलेई म्हणाली.

सव्वा वर्षात कुणाच्या प्रश्नाला 'बरं' सोडून सरळ उत्तर तिने पहिल्यांदाच दिलं होतं, आणि ते तिथल्या प्रत्येकाच्या ध्यानात आलं, कारण त्यातल्या बहुतेकांनी तिच्या घरून काही ना काही नेलेलं होतं.

जोवेलिन म्हणाली, "मग वाजवत राहू?"

"तुला चालेल?"

"दुसऱ्या बोटानं वाजवते."

"बरोबर नाही ते," कूलेई म्हणाली. "पण चालेल."

आणि पोरं वाजवत राहिली. हारुएने मात्र हद्द केली. बाकीच्या बायका एकेक करून बसल्या, ही पंचाहत्तर वर्षांची बाई एकटी मधोमध, दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, चेहऱ्यावर तेच हसू, गुडघे रडकुंडीला आलेले. मी आयुष्यभर हारुएची चेष्टा करत आलो. त्या दिवसाबद्दल करत नाही. कुणी मोजलं म्हणतात त्रेचाळीस, कुणी म्हणतात पन्नास. शेवटी सर्वांत धाकट्याने, त्या सहा वर्षांच्याने, उकुलेले मांडीवर आडवं ठेवलं. मग त्याच्या शेजारच्याने. मग एकेक करत सगळ्यांनी. कूलेईचा हात सर्वांत शेवटी थांबला. किनारा आणि निरोप, दोन कडवी तशीच राहिली. लोक उठून जेवायला गेले, कारण दुसरं काय करणार.

नंतर गावाने कारणं शोधली. हारुएचं म्हणणं, तिसरं कडवं आल्फीचं आवडतं होतं. साफ खोटं. आल्फीला तिसरं कोणतं आणि पहिलं कोणतं ते कळायचं नाही. तो दर कार्यक्रमात झोपायचा आणि घोरायचा, तेही बेसूर. मी कूलेईलाच विचारलं, खुर्च्या गोळा करताना.

"कडवं विसरलीस?"

"नाही. कडवं आठवत होतं," ती म्हणाली. "तोंड उघडायचं कशासाठी, ते आठवत नव्हतं."

मग तिने चार खुर्च्या एकावर एक रचल्या आणि भिंतीकडे नेल्या.

रविवारचं भांडण मी कुंपणापाशी शिडीवर उभा राहून ऐकलं. पपई उतरवत होतो. पपई एकच होती, पण ती उतरवायला वेळ लागला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"आई, बॅग का भरली नाहीस? अकराला निघायचंय."

"हं."

"हं काय? तू हो म्हणाली होतीस!"

"तू तिकीट काढून मग फोन केलास, शेरिलिन."

"कारण तुला काही विचारलं की तू नुसतं बरं म्हणतेस! बरं, आता विचारते. तुला यायचंय का माझ्याकडे?"

"माहीत नाही."

"इथे राहायचंय?"

"माहीत नाही."

"मग मी काय करू? गिऱ्हाइकाला काय सांगू? कधी कळणार तुला?"

"ते मला कळलं असतं तर हे सगळंही कळलं नसतं का? मला काही वाटतच नाही, पोरी. तुझे बाबा गेले, काही वाटलं नाही. तू येणार म्हणालीस, काही वाटलं नाही. भात जळला तरी काही वाटत नाही. काल त्या पोरीने विचारलं, पुढं जायचं का थांबायचं, तेव्हा तेवढं कळलं की मला माहीत नाही. त्याच्या पुढचं अजून कळलेलं नाही."

मग रडण्याचा आवाज आला. म्हटलं, आली, शेवटी आली. पण ती शेरिलिन होती. मी पपईच्या पानाआडून मान वर केली, तर लेक टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होती आणि कूलेई शेजारी उभी राहून तिच्या पाठीवर थोपटत होती. तोंडावर काही नाही. बाहेर बघताना तिला मी दिसलो.

"टिबू, पिकली का पपई?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग खाली उतर."

शेरिलिन एकटी गेली. सोबत चार मोठे गोड पाव, मुळ्याचं लोणचं अशा सतरा गोष्टी खोक्यात भरून नेल्या. जाताना कुंपणाशी थांबून मला म्हणाली, "काका, लक्ष ठेवा. पण झाडावरून नको." गिऱ्हाइकाला तिने विमानतळावरूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं. दर रविवारी फोन करते. आता विचारते, "आज माहीत आहे का?" आई म्हणते, "नाही." मग दोघी हवापाण्याचं बोलतात.

आम्ही वाट बघत होतो की आता तरी काहीतरी फुटेल. कूलेई रडेल, नाहीतर हसेल, नाहीतर किमान चर्चला जाऊन ट्रक मागेल. काही झालं नाही. उन्हाळा गेला. मंगळवारी आणि शुक्रवारी तीनला ती येते, स्टुलावर बसते. हात चालतो.

ऑगस्टमध्ये शाळा उघडल्यावर नवी पोरं आली. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, पाच-सहा वर्षांची, आईच्या पायामागे लपलेली. बाई नुकतीच गावात राहायला आलेली, पण बातम्या तिच्यापर्यंत पोचल्या होत्या. कोणी पोचवल्या ते विचारू नका.

"मावशी, तुम्ही मेपर्यंत आहात ना? नाही म्हणजे, पोरीने सुरुवात केली आणि मध्येच..."

"माहीत नाही," कूलेई म्हणाली.

बाई घुटमळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं. शेवटी तिने पोरीला पुढे ढकललं.

कूलेईने खिशातून नेलकटर काढला, पोरीचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक नख अगदी मुळापर्यंत कापायला लागली. तारा दाबायच्या तर डाव्या हाताला नख नको. पोरगी वाकून बघत होती. चार बोटं झाली. मग पोरीने आपणहून उजवा हात पुढे केला.

"तो राहू दे," कूलेई म्हणाली. "त्याने वाजवायचंय."